बाळ झोपलं की पृथ्वी कोण धरतं?

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न मी वहीत उतरवून ठेवला आहे. नाशिकच्या नेहरूनगरला बाळ येशूच्या यात्रेत रांगेत उभं असताना त्या नऊ वर्षांच्या पोरानं विचारलं, "बाळाच्या हातात पृथ्वी आहे ना, मग बाळ झोपलं की पृथ्वी कोण धरतं?" तुम्ही म्हणालात की राम-कृष्णांसारखा हाही देवाचा अवतार, तो झोपला तरी देवच असतो. त्यावर तुमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, "अवतार म्हणू नकोस," आणि का म्हणू नये ते मात्र तिला सांगता येईना.

मी ३४ वर्षं चर्चचा पाळक होतो, त्यातली बरीचशी नाशिक आणि निफाडकडच्या मंडळ्यांत गेली. एवढ्या काळात हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला, आणि दोन्ही वेळा विचारणारं लहान मूलच होतं. मोठ्यांना वाटतं, असलं काही विचारलं तर आपण खुळे दिसू. वास्तविक पाचव्या शतकात याच्याच शेजारच्या प्रश्नावरून मोठमोठे बिशप एकमेकांना पदावरून खाली खेचत होते.

आधी मूर्तीबद्दल. मी प्रोटेस्टंट, आमच्या उपासनेत मूर्ती नसते. पण पोरानं बोट बरोबर जागी ठेवलंय. बाळ येशूच्या या रूपाची मूळ मूर्ती युरोपात प्राग शहरात आहे. लाकडाची, वर मेणाचा थर, उंची ४७ सेंटिमीटर. स्पेनहून लग्न होऊन आलेल्या एका सरदारघरच्या बाईनं ती सोळाव्या शतकात माहेरून आणली, आणि तिच्या मुलीनं, पोलिक्सेना लोबकोविच हिनं, १६२८ मध्ये तिथल्या कार्मेल मठाला दिली. ते दिवस तीस वर्षांच्या युद्धाचे. १६३१ मध्ये सॅक्सनीच्या फौजा शहरात शिरल्या, मठाची लूट झाली, मूर्ती अडगळीत फेकली गेली. १६३७ मध्ये फादर सिरिलस यांना ती सापडली तेव्हा तिचे हात तुटलेले होते. आज ज्या हातात पृथ्वीचा गोल दिसतो, तो नंतर बसवलेला आहे.

त्या मूर्तीत मुकुट, भरजरी झगा आणि गोल आधी नजरेत भरतात, बाळ मागाहून दिसतं. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, मात्र उलट आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांना जी खूण सांगितली ती अशी: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बालक. मुकुट नाही की तेजोवलय नाही. आणि मराठी भाषांतरकारांनी इथं शब्द तरी कोणता घातला बघा, 'बाळंते'. आपल्या आज्या ज्याला बाळोतं म्हणायच्या ते. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, जे दिवसातून दहा वेळा ओलं होतं आणि अंगणात दोरीवर वाळत पडतं. देवाबद्दलच्या ग्रंथात हा शब्द यावा, यातच निम्मं उत्तर आलं.

गव्हाणीचं तर आपल्याला समजावून सांगावंच लागत नाही. पण पुढच्या ओळीत थोडी गफलत आहे. मराठी बायबलात 'उतारशाळेत जागा नव्हती' असं वाचतात, त्यामुळे आमच्या प्रत्येक नाताळच्या नाटुकल्यात एक खाष्ट उतारशाळावाला असतोच, आणि ते काम मिळावं म्हणून पोरं भांडतात. मूळ ग्रीक शब्द आहे काताल्युमा. लूक हाच शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जी खरोखरची उतारशाळा आहे, तिला तो वेगळा शब्द वापरतो. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की घरातली पाहुण्यांची खोली भरलेली होती आणि बाळंतपण घराच्याच खालच्या भागात, रात्री जनावरं बांधतात तिथं झालं. मला हे पटतं. आपल्याकडच्या जुन्या घरांतही दारातून आत आलं की एका अंगाला गाय-बैल, चार पायऱ्या वर माजघर. अडचणीच्या वेळी बाळंतिणीला गोठ्याच्या उबेला निजवलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. एकटं, झिडकारलेलं जोडपं हे चित्र आपण रंगवलेलं. लूकला सांगायचंय ते याहून साधं आहे. चारचौघांच्या घरात होतं तसं हे बाळंतपण झालं, आणि जन्मला तो देव.

इथं माझी एक चूक सांगतो. नवा पाळक होतो, निफाड तालुक्यातल्या एका छोट्या मंडळीत नाताळचा कार्यक्रम होता. डिसेंबरातली निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागेत मण्यांना चिरा पडू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवतात. तशा गारठ्यात आम्ही उघड्यावर देखावा मांडला होता आणि हौसेनं खरं बाळ ठेवलं होतं, बागेत कामाला असलेल्या एका बाईचं, दोन महिन्यांचं. माझा उपदेश सुरू झाला आणि बाळानं भोकाड पसरलं. मी दोन वाक्यं रेटली, मग आईला खूण केली, बाळ न्या. त्याजागी प्लॅस्टिकची बाहुली ठेवली आणि उपदेश पुढे चालू. विषय होता 'देव मानव झाला'.

नंतर चहा घेताना एक म्हातारी म्हणाली, "साहेब, रडणारं काढलं आन् न रडणारं ठिवलं. मंग देव बाळ झाला म्हनता, त्यो काय झाला म्हनायचा?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की सेमिनरीत ज्या पाखंडमतावर मी पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले होते, तेच मी रंगमंचावर करून दाखवलं होतं. त्याला डोसेटिझम म्हणतात, ग्रीक 'दोकेइन' म्हणजे भासणं यावरून. येशू माणूस दिसत होता, पण होता निव्वळ देव. भूक, झोप, रडणं हा सगळा देखावा, असं ते मत. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना देहान्ताच्या शिक्षेसाठी रोमला नेत होते. त्या वाटेवर लिहिलेल्या पत्रांत ते पुन्हा पुन्हा बजावतात की तो खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्याला, खरोखर मेला. मरायला चाललेला माणूस 'खरोखर' या शब्दावर एवढा का अडून बसतो, ते मला त्या म्हातारीनं शिकवलं. एका फार लोकप्रिय नाताळगीतात बाळ येशू रडतच नाही, असं म्हटलंय. चाल गोड आहे, पण मी तेव्हापासून ते गाऊन घेत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य आहे, 'शब्द देही झाला'. 'शब्द' म्हणजे इथं देवाचा पुत्र. यातला भार सगळा 'झाला' वर आहे. देहात शिरला असं नाही, देह पांघरला असंही नाही. ख्रिस्ती मराठीत याला 'देहधारण' म्हणतात, पण खरं सांगायचं तर मला तोही शब्द थोडा अपुरा वाटतो, कारण धारण केलेलं उतरवता येतं.

आता अवतार. तुमची मैत्रीण बरोबर आहे, पण तुम्ही फार चुकलात असंही नाही. हा शब्द टाळून मराठीत देवाच्या येण्याबद्दल बोलणं अवघडच. कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. त्यांचं शिक्षण नाशकात झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच, गोदाकाठचं जलालपूर. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन काही सोडलं नाही, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्याच्याही पावणेतीनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहून छापली, आणि नाव काय दिलं, तर पुराण. तेव्हा उसने शब्द घ्यायला लाजण्याचं कारण नाही. उसना घेतल्यावर तो कुठं पुरत नाही एवढं सांगावं लागतं. यात कोणाची थोरवी मापायची नाही. काळारामाच्या देवळात रामनवमीला दुपारी पाळणा हलतो तेव्हाची गर्दी मी पाहिली आहे, त्या भक्तीला उणं म्हणणारा मी कोण.

गीतेत भगवान म्हणतात, 'संभवामि युगे युगे'. ख्रिस्ती विश्वासात हे एकदाच. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात 'एकदाच' हा शब्द हातोड्यासारखा पुन्हा पुन्हा पडतो. त्याहून मोठा फरक शेवटचा आहे, आणि तो आमच्याही बहुतेकांना माहीत नसतो. अवतारकार्य संपलं की श्रीकृष्ण निजधामाला जातात. येशूच्या बाबतीत चर्चची शिकवण अशी की पुनरुत्थानानंतरही हातातल्या खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या, आणि तो स्वर्गात गेला तो माणूस म्हणूनच. आज या घडीलाही तो माणूस आहे. बेथलेहेमात घेतलेला देह त्यानं परत केलेला नाही. मैत्रिणीला नेमकं हेच म्हणायचं असणार.

आणखी एक. कृष्णानं माती खाल्ली का बघायला यशोदेनं त्याचं तोंड उघडलं तर आत ब्रह्मांड दिसलं. चारही शुभवर्तमानांत बाळ येशूबद्दल असं काही नाही. नंतरच्या काळात तशा कथा रचल्या गेल्या. एकीत छोटा येशू मातीच्या चिमण्या करून उडवतो. चर्चनं त्या कथा शास्त्रात घेतल्या नाहीत. मरियेनं या बाळाचं तोंड उघडलं असतं तर आत बिनदातांच्या हिरड्या दिसल्या असत्या, बस. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास शुद्धीकरणासाठी मंदिरात गेले तेव्हा त्यांनी होले किंवा पारव्यांची जोडी वाहिली, आणि नियमशास्त्रात ती सवलत कोकरू परवडत नसणाऱ्या गरिबांसाठी आहे.

माझ्या मते मराठी मनाला जवळचं उदाहरण दशावतारात नाहीच, ते संतकथांत आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल जातं ओढतो, नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी भरतो. आमच्या घरावरचे नाताळचे कंदील उतरतात न उतरतात तोच पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या नाशकातून त्र्यंबककडे जाऊ लागतात, त्या माणसांना 'देव राबतो' यात नवल वाटत नाही. बेथलेहेम त्याच्याही एक पायरी खाली जातं. तिथं देव राबत नाही, देवासाठी दुसऱ्यांना राबावं लागतं. मान धरावी लागते, ढेकर काढावी लागते, जिवावर उठलेल्या हेरोद राजाचे शिपाई आले तर रातोरात उचलून मिसरला पळावं लागतं. ज्याला कोणाचीच गरज नाही तो एका गावठी पोरीच्या दुधावर जगतो, हा या विश्वासातला गाभा आहे. बाकी तारा, त्याच्यामागे आलेले मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, गायनं हे भोवतालचं. २५ डिसेंबर ही तारीखही शास्त्रात नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात पाळलेली आढळते.

हे पचवायला ख्रिस्ती लोकांनाच जड गेलं. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणाला, पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. पूर्ण देव कसा खाली येईल? ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेनं त्याचं मत नाकारलं. पुढे कॉन्स्टँटिनोपलचे बिशप नेस्तोरियस यांना मरियेला 'देवमाता' म्हणणं खटकलं. दोन-तीन महिन्यांच्या पोराला मी देव म्हणणार नाही, असं ते बोलल्याचं सांगतात. बघा, तुमच्या पोराचाच प्रश्न, फक्त वैतागून विचारलेला! ४३१ मध्ये इफिस इथल्या सभेत त्यांना पदावरून काढलं, आणि त्यांच्या बाजूच्या बिशपांनी तिथल्या तिथे वेगळी सभा भरवून त्यांचे विरोधक, अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल, यांना पदावरून काढलं. ४५१ मध्ये खाल्केदोनला शेवटी शब्द ठरले: येशू एकच, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोहोंची मिसळ नाही, बदल नाही, तुकडे नाहीत, ताटातूट नाही. चारही शब्द नकाराचे. बागेला तारेचं कुंपण घालतात तसं. आत द्राक्ष आहे की डाळिंब ते कुंपण सांगत नाही.

जाता जाता, 'देवाचा पुत्र' म्हणजे देवानं कोणाशी संसार करून झालेला मुलगा, असा समज असेल तर तो काढून टाका. मुसलमान मित्रांनाही मी हे नेहमी सांगतो. पुत्र अनादि आहे, बेथलेहेमात त्याची सुरुवात झाली नाही, त्याचं माणूसपण सुरू झालं. आणि देही झाला तो पुत्र, पिता नव्हे.

तर पृथ्वी कोण धरत होतं? अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेसियस यांनी चौथ्या शतकात देहधारणावर लिहिताना उत्तर दिलं की शब्द देहात होता, पण देहात कोंडलेला नव्हता. त्याच वेळी तो सगळं विश्वही सांभाळत होता. हे समजायला नाशिककरांना सोपं आहे. रामकुंडात पाय सोडून बसलात की तुम्ही गोदावरीत पाय सोडलेत, त्यात खोटं काही नाही. पण गोदावरी रामकुंडात संपलेली नसते. तुमचे पाय भिजत असतात त्याच क्षणी ती पैठणला असते, नांदेडला असते, राजमहेंद्रीच्या पुलाखाली असते; ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर तीच वाहत असते. हा दाखला एका जागी लंगडा पडतो, तेही सांगतो. कुंडात नदीचा थोडाच भाग असतो. प्रेषित पौलाचं कलस्सैकरांना पत्र म्हणतं, येशूत देवपणाची सगळी पूर्णता वसते.

एकोणिसाव्या शतकात थोमासियस नावाच्या जर्मन ईश्वरविज्ञान्यानं दुसरा मार्ग काढला. फिलिप्पैकरांच्या पत्रात 'त्यानं स्वतःला रिक्त केलं' असं आहे, त्यावरून तो म्हणाला की सर्वज्ञता, सर्वशक्ती हे पुत्रानं त्या काळापुरतं बाजूला ठेवलं. कळवळ्याचं मत आहे, पण मला पटत नाही, कारण मग तेवढी वर्षं विश्व पुत्राविनाच चाललं म्हणावं लागतं. त्यातला एक भाग मात्र मी ठेवून घेतो. लूक लिहितो की येशू ज्ञानानं आणि शरीरानं वाढत गेला. म्हणजे तो शिकला. पहिला शब्द बोबडाच बोलला असणार. गव्हाणीतल्या त्या बालमनाला आपण विश्व चालवतोय याची जाणीव नव्हती असं मी मानतो. सगळे पाळक मानतीलच असं नाही.

त्याच फिलिप्पैकरांच्या पत्रात पुढचे शब्द आहेत, 'दासाचे स्वरूप'. मूळ शब्दाचा अर्थ गुलाम. आपल्या नाशकातल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनची शाळा होती, तिथं अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत. त्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतल्या प्रवासात होता. १८७३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथंच पुरलं, त्यापाशी प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर नाव त्यानंच कोरलं, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर तो उभा होता. शरणपूरच्या त्या बाकांवर 'देवानं गुलामाचं रूप घेतलं' हे वाक्य ऐकताना त्या पोरांना काय वाटलं असेल, याचा विचार मी त्या रस्त्यानं जाताना नेहमी करतो. पुस्तकी वाद त्यांच्यासाठी नव्हता.

आता पोराला काय सांगाल? खाल्केदोन सांगू नका. त्याला म्हणा, बाळ झोपलं तेव्हा त्याला त्याच्या आईनं धरलं होतं, आणि त्याच्या आईला, योसेफाला, गव्हाणीशेजारच्या गाईला ज्यानं धरलं होतं तो तेच बाळ होता, असं ख्रिस्ती लोक मानतात. त्याला हे विचित्र वाटेल. वाटू द्या, मलाही वाटतं. मग घरातली फूटपट्टी आणायला सांगा आणि टेबलावर ४७ सेंटिमीटर मोजायला लावा, प्रागच्या मूर्तीची उंची. मागाहून त्याच्या जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद काढा, त्यावर लांबी लिहिलेली असते. बहुधा दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक निघेल.